बीथोव्हनची अपुरी इच्छा

पाश्चात्त्य संगीताशी आपला परिचय तसा बेताचाच. राग, ताल आणि बंदिशी यांत वाढलेल्या आपल्या कानांना सिंफनीतील अनेक वाद्यांचा तो एकत्र गजर प्रथम परकाच वाटतो. तरीही बीथोव्हन हे नाव ऐकले नाही असा सुशिक्षित माणूस विरळा. बहिरा झालेला संगीतकार ही त्याची ओळख तर शाळकरी मुलांनाही असते. परंतु ज्या रोगाने त्याचा बळी घेतला तो कानाचा नव्हता, यकृताचा होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आपल्याला नेमके काय झाले होते हे आपल्या मृत्यूनंतर तरी जगाला कळावे, अशी त्याची मनापासून इच्छा होती. त्या इच्छेच्या अनुरोधाने त्याचे चरित्र पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

लुडविग फान बीथोव्हन याचा जन्म जर्मनीत, ऱ्हाइन नदीच्या काठी वसलेल्या बॉन शहरात १७७० साली झाला. त्या वर्षी १७ डिसेंबरला त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. आजोबा तेथील दरबाराचे संगीतप्रमुख होते, वडील योहान त्याच दरबारात गायक होते. घरात संगीत होते तसे मद्यही होते. आजी त्या व्यसनाच्या आहारी गेली होती आणि पुढे वडिलांनीही तीच वाट धरली. मोझार्टसारखा बालचमत्कार आपल्याही घरात निपजावा या हव्यासाने बापाने मुलाला धाकदपटशाने वाद्यापुढे बसवले. त्या जाचातही मुलाचे संगीतावरील प्रेम टिकले. १७८७ साली आई क्षयाने गेली तेव्हा तो अवघा १६ वर्षांचा होता. दोन धाकटे भाऊ आणि दारूपायी कामातून गेलेला बाप असा संसार त्याच्या पदरी पडला. अखेर १७८९ मध्ये वडिलांचा अर्धा पगार थेट या मुलाच्या हाती देण्याची व्यवस्था दरबाराला करावी लागली. ज्या वयात आपण महाविद्यालयाच्या कट्ट्यावर गप्पा मारतो, त्या वयात तो कुटुंबाचा कर्ता झाला होता.

नोव्हेंबर १७९२ मध्ये तो व्हिएन्नाला आला. त्या काळी व्हिएन्ना म्हणजे युरोपच्या संगीताची पंढरीच. तेथे त्याने हायडनजवळ शिक्षण घेतले आणि थोड्याच वर्षांत पियानोवादक म्हणून सरदार-दरकदारांची घरे जिंकली. आयत्या वेळी एखादे स्वरवाक्य घेऊन त्याचा विस्तार करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कीर्ती चढत होती, पैसा येत होता. आणि नेमक्या त्याच वेळी, १७९८ च्या सुमारास, त्याच्या कानांत सतत घोंघावणारा आवाज सुरू झाला. उंच स्वर ऐकू येईनासे झाले. १८०१ साली बॉनच्या एका जुन्या डॉक्टर मित्राला त्याने हे दुःख पत्रातून कळवले. त्या पत्रात कानांच्या बरोबरीने पोटाचीही तक्रार आहे. वारंवार होणारे जुलाब आणि पोटातील कळा यांनी तो हैराण झाला होता. कानांच्या दुखण्याचे मूळही पोटातच असावे, अशी त्याची समजूत होती.

१८०२ च्या ऑक्टोबरात, व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यात राहत असताना, त्याने आपल्या भावांना उद्देशून एक दीर्घ मृत्युलेख लिहिला. आत्महत्येचा विचार मनात येऊन गेल्याची कबुली त्यात आहे, आणि जे संगीत अजून आत आहे ते बाहेर काढल्याखेरीज जग सोडता येत नाही, हा निर्धारही आहे. त्याच लेखात त्याने एक विनंती केली आहे. आपण मेल्यावर आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर श्मिट यांनी, ते हयात असल्यास, आपल्या व्याधीचे वर्णन लिहून ते या लेखाला जोडावे. म्हणजे निदान मृत्यूनंतर तरी जगाचा आपल्याविषयीचा गैरसमज दूर होईल. लोक त्याला माणूसघाणा म्हणत. आपण माणसांपासून दूर पळतो ते तिरसटपणामुळे नव्हे, रोगामुळे, हे त्याला सांगायचे होते. तो लेख त्याने कोणालाही पाठवला नाही. आपल्या कागदांत तो तसाच ठेवून दिला. डॉक्टर श्मिट १८०९ सालीच वारले.

पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे त्याच्या प्रतिभेचा भर माध्यान्ह. तिसरी सिंफनी त्याने नेपोलियनला अर्पण करण्याचे योजले होते. पण नेपोलियनने स्वतःला सम्राट म्हणवून घेतल्याचे कळताच त्याने रागाने ते नाव काढून टाकले. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नाच्या एका कडाक्याच्या थंडीने गारठलेल्या नाट्यगृहात पाचवी आणि सहावी अशा दोन्ही सिंफनी एकाच रात्री प्रथम वाजल्या. तो कार्यक्रम सुमारे चार तास चालला. बहिरेपणा वाढतच होता. १८१८ पासून लोक त्याच्याशी वहीत लिहून बोलू लागले. या संवादवह्यांपैकी अनेक आज उपलब्ध आहेत, पण त्यांत बहुधा समोरच्याचेच बोलणे सापडते; बीथोव्हन स्वतः तोंडी उत्तर देत असे.

कानांच्या या कहाणीआड पोटाची कहाणी झाकून गेली. १८२१ च्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. यकृत बिघडल्याची ती पहिली उघड खूण. आजारातून उठून त्याने काम पुढे चालवले आणि ७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी लोकांपुढे आली. टाळ्यांचा कडकडाट त्याला ऐकू येत नव्हता. तेव्हा गायिका कारोलिने उंगर हिने त्याला श्रोत्यांकडे वळवून उभे केले, हा प्रसंग सर्वश्रुतच आहे. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये आतड्यांच्या दाहाने तो अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी दारू, कॉफी आणि मसालेदार पदार्थ बंद केले. बरा झाल्यावर त्याने आपल्या १३२ क्रमांकाच्या चतुष्कात, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेत, दुखण्यातून उठलेल्या माणसाचे देवाला आभार म्हणून एक विलंबित खंड घातला. आजाराने कलेला दिलेले एवढे सुंदर देणे क्वचितच आढळते. परंतु ते आभार थोडे लवकरच मानले गेले होते.

१८२६ च्या उन्हाळ्यात त्याचा पुतण्या कार्ल याने पिस्तुलाने आत्महत्येचा प्रयत्न केला. भाऊ वारल्यावर या मुलाच्या ताब्यासाठी बीथोव्हनने वहिनीशी वर्षानुवर्षे कोर्टकज्जे केले होते. त्या प्रेमाचा जाच मुलाला असह्य झाला होता. मुलगा वाचला, पण काका खचला. सप्टेंबरअखेर दोघे धाकटा भाऊ योहान याच्या ग्नाइक्सेनडॉर्फ येथील मळ्यावर जाऊन राहिले. तेथेच त्याचे पाय सुजू लागले, अन्नावरची वासना गेली. डिसेंबरच्या आरंभी, हिवाळ्याच्या तोंडावर, उघड्या गाडीतून तो व्हिएन्नाला परतला. वाटेत एका खानावळीतल्या विनाशेगडीच्या खोलीत रात्र काढावी लागली. घरी पोहोचला तो तापाने फणफणलेला, खोकत, कुशीत कळा सोसत.

५ डिसेंबर १८२६ रोजी डॉक्टर आंद्रेयास वाव्रुख त्याच्या खाटेजवळ आले. फुप्फुसांच्या दाहाला आठवडाभरात उतार पडला. आणि मग एके दिवशी चित्र एकदम पालटले. रोगी हुडहुडी भरून कापत होता, पोटातील कळांनी दुमडून गेला होता, अंग पिवळे पडले होते, पाय अतिशय सुजले होते. त्यानंतर पोटात भराभर पाणी साठू लागले. श्वास कोंडू लागला. यालाच आपण जलोदर म्हणतो.

२० डिसेंबर रोजी झायबर्ट नावाच्या शल्यवैद्याने पोटाला छिद्र पाडून नळी घातली. गुंगीचे औषध तेव्हा नव्हते. पहिल्या वेळीच सुमारे २५ पौंड, म्हणजे बारा-चौदा लिटर पाणी निघाले. मोझेसने काठी आपटताच खडकातून पाणी उसळले, ती बायबलमधील कथा आठवून रोगी स्वतःच शल्यवैद्याची थट्टा करत होता. पण रात्री त्याने पट्टी सैल केली आणि जखमेभोवती लाल, दाहक सूज पसरली. ती कशीबशी आवरली. यानंतर ८ जानेवारी, २ फेब्रुवारी आणि २७ फेब्रुवारी १८२७ अशा आणखी तीन वेळा पोट टोचावे लागले. पाणी काढावे, ते पुन्हा भरावे, असा क्रम चालू राहिला. जखमेतून ते झिरपत राही आणि अंथरूण भिजून जाई. जुना परिचित डॉक्टर माल्फाती याने बर्फ घातलेले मद्य थोडे थोडे द्यायला सांगितले. त्याने चार दिवस हुशारी वाटली, मग तेही अपायकारक ठरले.

या दुखण्यातही दोन सुख त्याला लाभली. लंडनमधील वीणा बनवणारे योहान श्टुम्फ यांनी हेंडेलच्या समग्र रचनांचे ४० खंड भेट पाठवले. खाटेवर पडल्या पडल्या तो ते चाळत असे. लंडनच्याच फिलहार्मोनिक सोसायटीने १०० पौंडांची मदत पाठवली आणि तिच्यासाठी नवी सिंफनी लिहिण्याचे मनोरथ त्याने रचले. ते मनोरथच राहिले. २४ मार्चच्या संध्याकाळी त्याची शुद्ध हरपली. २६ मार्च १८२७ रोजी सायंकाळी, बाहेर विजा कडाडत असताना, वयाच्या ५६ व्या वर्षी त्याने देह ठेवला. २९ मार्चच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. मशाल घेऊन चालणाऱ्यांत तरुण शुबर्ट होता. त्याच सुमारास कागदपत्रांची झडती घेताना हायलिगेनश्टाटचा तो जुना लेख सापडला.

मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर योहान वाग्नर यांनी शवविच्छेदन केले. यकृत आक्रसून निम्म्यावर आले होते, कातड्यासारखे चिवट झाले होते आणि त्यावर घेवड्याच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. प्लीहा दुपटीहून मोठी झाली होती. पोटाच्या पोकळीत चार व्हिएन्नी मापे, म्हणजे सुमारे साडेपाच लिटर, करड्या-तपकिरी रंगाचा गढूळ द्रव होता.

येथे जरा थांबले पाहिजे. यकृताच्या या अवस्थेला सिऱ्होसिस म्हणतात. हे नाव फ्रेंच डॉक्टर लाएनेक यांनी १८१९ साली दिले. यकृतात जागोजाग व्रणासारखे कठीण धागे तयार होतात. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट त्यामुळे अडते, त्याचा दाब वाढतो आणि पाणी पोटात पाझरू लागते. हे पाणी साधारणतः स्वच्छ, फिकट पिवळे असते. ते गढूळ होण्याचे एक मोठे कारण म्हणजे त्यात जंतू शिरून पू धरणे. आतडी फुटलेली नसतात, कोठे छिद्र नसते; तरीही आतड्यांतील जंतू त्यांच्या भिंतीतून निसटतात आणि या पाण्यात येऊन रुजतात. रोगी यकृताला त्यांना अडवता येत नाही, आणि पाण्यात जंतूंशी झुंजणारी द्रव्ये कमी असतात. बीथोव्हनची ती हुडहुडी, त्या पोटातील कळा आणि शेवटचा तो गढूळ द्रव पाहता त्याच्या बाबतीत असेच घडले असावे, असा तर्क करता येतो. जंतू आतून आले असतील किंवा झायबर्टच्या नळीबरोबर बाहेरून गेले असतील. खात्री देता येत नाही, कारण ते पाणी कोणी तपासलेच नाही. तपासणार तरी कसे? जंतूंमुळे रोग होतो हेच तेव्हा ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी हात धुऊन रुग्णाला हात लावावा, हे सेमेलवाइस यांनी याच व्हिएन्नात सांगितले ते १८४७ साली, आणि तेव्हाही पुष्कळांनी ते मानले नाही.

जलोदरात पोट टोचण्याची ही क्रिया फार प्राचीन आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत नाभीच्या खाली डाव्या बाजूस छिद्र पाडून नळीने पाणी काढण्याचे वर्णन आहे. सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये आणि नंतर पोट घट्ट बांधावे, असा इशाराही आहे. म्हणजे पाणी कसे काढावे हे माणसाला शतकानुशतके माहीत होते. त्या पाण्यात काय वाचावे हे मात्र माहीत नव्हते.

ते वाचणे विसाव्या शतकात साधले. अमेरिकेतील डॉक्टर हॅरॉल्ड कॉन यांनी १९६४ साली, बाहेरचे काही कारण नसता पोटातील पाण्यात होणाऱ्या या जंतुदोषाला वेगळे नाव देऊन त्याची ओळख पक्की केली. त्या आरंभीच्या काळात हा दोष जडलेले बहुतेक रोगी दगावत. पुढे कळले की यातील खरी मेख त्याच्या मुकेपणात आहे. कित्येकांना ताप येत नाही, पोट दुखत नाही. रोगी थोडा गुंगीत असतो, बोलताना चुकतो, लघवी कमी होते, एवढेच. घरच्यांना वाटते अशक्तपणा आहे. तोवर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात.

म्हणून आजच्या वैद्यकाचा दंडक असा आहे की, सिऱ्होसिसमुळे पोटात पाणी झालेला रोगी इस्पितळात दाखल झाला की लक्षणांची वाट न पाहता त्याच्या पोटातील पाणी तपासावे. जागा बधिर करून बारीक सुई घालायची, दोन-चार चमचे पाणी काढायचे. थोडे पाणी खाटेजवळच जंतू वाढवण्याच्या बाटलीत घालायचे आणि उरलेल्यातील पांढऱ्या पेशी मोजायच्या. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी एका घन मिलिमीटरमध्ये २५० किंवा त्याहून अधिक भरल्या, तर बाटलीतील जंतू वाढण्याची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करायची. १९९९ साली स्पेनमधील १२६ रोग्यांच्या अभ्यासात प्रतिजैविकाच्या जोडीला शिरेतून अल्ब्युमिन हे प्रथिन दिल्यावर इस्पितळातील मृत्यूंचे प्रमाण २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. २०१४ च्या एका अभ्यासात, पाणी तपासायला १२ तासांहून अधिक उशीर झालेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे पावणेतीन पट आढळला.

इतके सोपे असूनही ही तपासणी राहून जाते. अमेरिकेसारख्या संपन्न देशात २००९ सालच्या नोंदी पाहिल्या, तर अशा रोग्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांचेच पाणी तपासलेले दिसले. उरलेल्यांचे पोट, निदान या बाबतीत, बीथोव्हनच्या पोटाइतकेच अबोल राहिले.

आता त्या इच्छेचे काय झाले ते सांगून हे चरित्र संपवतो. बीथोव्हनच्या केसांच्या बटा आठवण म्हणून अनेकांनी नेल्या होत्या. २०२३ साली शास्त्रज्ञांनी त्यांतील पाच बटा खऱ्या ठरवल्या आणि त्यांतून त्याचा आनुवंशिक आराखडा वाचला. त्यात यकृताचा रोग होण्याकडे कल असल्याचे दिसले, आणि अखेरच्या महिन्यांत त्याला हेपटायटिस बी या काविळीच्या विषाणूची लागण झालेली होती, असेही आढळले. रोजची वाइन त्यात भर घालायला होतीच. ज्या बटेत हा विषाणू सापडला ती लंडनच्या त्याच श्टुम्फ यांनी जपलेली होती, ज्यांनी हेंडेलचे खंड पाठवले होते. बहिरेपणाचे आणि आतड्यांच्या दुखण्याचे कारण मात्र याही शोधात निश्चित झाले नाही. १८०२ साली मागितलेले उत्तर २०२३ साली मिळाले, तेही अर्धेच.

या विषाणूवर आज लस आहे आणि २०११ पासून ती आपल्या देशभरातील बालकांच्या लसीकरणात आहे. मद्याचे म्हणाल तर ते आपल्या हाती आहे. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. आपल्यापैकी बहुतेक जण डॉक्टर होणार नाहीत. पण एखाद्या काकांच्या, मामांच्या, शेजाऱ्यांच्या उशाशी बसण्याची वेळ कोणावरही येते. पोट फुगलेला असा रोगी इस्पितळात नेला आणि तो जरा वेगळेच बोलू लागला, तर पोटातील पाणी तपासले का, एवढे नम्रपणे विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही. बीथोव्हनच्या पोटातून बादल्या भरभरून पाणी निघाले आणि त्यातून कोणाला काहीच कळले नाही. आज दोन चमच्यांत कळते. मात्र ते दोन चमचे वेळेवर काढले पाहिजेत.